मलकापुरात एकच माणूस राहतो

बातमीदाराकडे दोन तऱ्हेचा माल साठतो. एक छापला जातो आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. दुसरा छापता येत नाही, म्हणून शिल्लक राहतो. कापसाच्या पट्ट्यात उमर घालवल्यामुळे माझ्याकडे हा दुसरा माल इतका झालाय, की कोणी नुसतं "काहो, ते सलीमभाईच्या डब्याचं काय झालं होतं?" एवढं विचारलं तरी एकाला धरून दुसरा किस्सा बाहेर येतो. सुरुवातीला सगळे हसतात. मग मध्येच कोणीतरी गप्प होतं. कारण त्या डब्यात एका बाईचं अख्खं शेत अडकलं होतं.

तर, मलकापूर. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीत खाली आमच्या पेपरचं ऑफिस आणि वर सलीमभाईचं इंटरनेट. सलीमभाईच्या वडिलांचा सरकी-ढेपेचा, म्हणजे गुरांच्या खुराकाचा धंदा. पोरानं ढेप सोडली, टॉवर उभे केले, डिश लावल्या आणि मलकापूर, मोताळा, थेट सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूरपर्यंत हवेतून इंटरनेट पोचवलं. संग्रामपूरकडच्या डिशवर माकडं बसायची आणि तिचं तोंड फिरवून जायची. तिकडून फोन आला की सलीमभाई आधी विचारायचा, "लाइट आहे का?" आणि मग, "माकड आहे का?"

कृषी केंद्रं, जिनिंगवाले, ग्रामपंचायती, फॉर्म भरून देणारी केंद्रं, काही सरकारी कार्यालयं आणि आम्ही, अशी त्याची गिऱ्हाइकं. माणूस अखंड बोलणारा आणि तितकाच फुशारक्या मारणारा.

"भाऊ, या भागात जो कोनी इंटरनेटवर नुसता नमस्कार म्हनते न, तो माह्या घरातून जाते!"

आम्हाला ती बढाई वाटायची. ती शब्दशः खरी होती, हे कळायला बराच वेळ लागला.

*

इतक्या गिऱ्हाइकांना मिळून लाइन एकच, आणि तीही बारीक. सकाळी बाजार उघडायच्या वेळेला सगळेच कापसाचे भाव बघायला बसत आणि सगळ्यांच्याच स्क्रीनवर चक्र फिरत राही. मग सलीमभाईनं मध्ये एक डबा बसवला. डबा म्हणजे जुना कॉम्प्युटर, बाजूचं झाकण काढलेलं, समोर टेबलफॅन, आत विंडोजऐवजी लिनक्स. तुम्ही भावाचं पान मागितलं की डबा ते एकदा मुंबईहून आणणार आणि आपल्याजवळ ठेवणार. दुसऱ्यानं मागितलं की जवळचंच काढून देणार. लाइन वाचली!

गंमत अशी, की गिऱ्हाइकाला याचा पत्ताच नाही. आपल्या कॉम्प्युटरला वाटतं, आपण सरळ मुंबईशी बोलतोय. बोलत असतो तो पंख्याखालच्या डब्याशी.

"याले ट्रान्स्परंट म्हनतात," सलीमभाई म्हणाला.

"म्हणजे आतलं सगळं दिसतं?" मी विचारलं.

"नाही न भाऊ. काहीच दिसत नाही, म्हनून तर ट्रान्स्परंट!"

त्याआधी अनेक वर्षं मी 'पारदर्शक कारभार' हे शब्द मंत्र्यांच्या तोंडून ऐकून बातमीत लिहीत आलो होतो. त्या दिवशी त्यांचा अर्थ समजला.

तर हा डबा नवा असताना सलीमभाईनं त्याला पान किती वेळ धरून ठेवायचं ते नीट सांगितलंच नव्हतं. डब्यानं भावाचं पान धरलं ते सोडेचना. मलकापुरात कापसाचा भाव हलेना. कापूस विकत घेणारे जिनिंगवाले खूश, "बाजार शांत आहे!" आमच्या वार्ताहरानं बातमीही ठोकली, 'कापसाचे भाव स्थिर'. बाहेर सगळीकडे भाव चढले होते.

शेवटी मोताळ्याकडचा एक शेतकरी गाडी भरून आला, ती उभी करून तडक आमच्या ऑफिसात. त्याच्या जावयानं खानदेशातून फोनवर दुसराच भाव सांगितला होता. त्यानं पेपर टेबलावर ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"काहो, तुमच्या मलकापुरात तारीख बदलतच नाही काय?"

*

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं.

बीटीचं बियाणं आलं तेव्हा गावोगाव चित्ररथ फिरले होते. अळी येणार नाही, फवारणी वाचणार. काही वर्षं अळी आली नाही, हेही खरं. मग गुलाबी अळीनं वाट शोधली. बोंड बाहेरून हिरवं, गुटगुटीत, शाबूत. फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला, कामातून गेलेला कापूस. बाहेरून कळायची सोयच नाही.

त्या वर्षी मला गयाबाई भेटली. मोताळ्याच्या बाजूची. शेत तीच बघायची, बोलायचीही तीच. नवरा, सखाराम, मागे उभा राहून मान हलवायचा. मी शेतात गेलो तेव्हा तिनं ओळीनं बोंडं फोडून माझ्यासमोर टाकली आणि जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. "बियानं नाही इकलं भाऊ त्याइनं, अळीचं अंडं पुडीत बांधून देल्लं. अन् वरून म्हन्ते, नीट पेरा!"

आमचं डेस्क पुण्याला. तिथल्या मंडळींना वऱ्हाडी बोली दिसली की ती खोकल्यासारखी औषध देऊन बरी करायची असते. सकाळी छापून आलं, 'बियाण्यांच्या गुणवत्तेबाबत समाधानकारक परिणाम न मिळाल्याची खंत गयाबाई यांनी व्यक्त केली.'

मी चिडून डेस्कला फोन केला. तिकडून उत्तर, "अहो, अर्थ तोच आहे ना? फक्त भाषा सुधारली."

अंक घेऊन गयाबाईकडे गेलो. शाळेत जाणाऱ्या नातीनं तिला बातमी वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"भाऊ, नाव माह्यं, गाव माह्यं. हे बोलली कोन?"

*

बियाणं फसलं तर तक्रार करायची, मग समिती शेतात येऊन पंचनामा करते. पंचनाम्यात बियाण्याचा दोष निघाला तरच कंपनीला जाब विचारता येतो. पंचनामा उभ्या पिकाचा होतो. पीक उपटलं की संपलं. त्या वर्षी फतवा निघाला की तक्रार ऑनलाइनच करायची.

तालुक्याचं नाव मी सांगत नाही. तिथे शबाना नावाची एक मुलगी फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवायची. बीसीए झालेली, जिभेला धार असलेली. तिनं केंद्रावर पाटी लावली, 'बियाण्याची तक्रार येथे भरून मिळेल'. तिच्याकडे रांग लागली. आसपासच्या ग्रामपंचायतींच्या कॉम्प्युटरांवरूनही लोक तक्रारी भरू लागले. गयाबाईनं तिच्या गावच्या ग्रामपंचायतीतूनच भरली.

आणि एका दुपारी तक्रारीचं सरकारी पोर्टल सगळ्यांना एकदम बंद झालं. उघडलं की एकच वाक्य, 'आपण मर्यादेपेक्षा अधिक अर्ज केले आहेत.'

शबानानं हेल्पलाइन लावली आणि फोन स्पीकरवर टाकला. मी तिथेच होतो.

"मॅडम, तुमच्या पत्त्यावरून सकाळपासून सारखे अर्ज येताहेत."

"माझ्या केंद्रावरून थोडेच गेलेत, सर. बाकी ग्रामपंचायतींचे आहेत."

"ग्रामपंचायतीचा पत्ताही तोच आहे."

"कोणत्या ग्रामपंचायतीचा?"

"सगळ्याच." पलीकडे कळफलक वाजला. "मोताळ्याकडून येतंय तेही त्याच पत्त्यावरून. संग्रामपूरचंही. लाइन मलकापूरची दाखवतेय." मग तो माणूस खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाला,

"मॅडम, तुमच्या मलकापुरात एकच माणूस राहतो का?"

*

घोटाळा डब्याचा होता. इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, तोच त्याचा पत्ता. सलीमभाईनं वरच्या कंपनीकडून अशा नंबरांचा गठ्ठा घेतला होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यातला एक दिला होता. पण बाहेर बोलायचा तो डबा, आणि बोलताना पत्ता सांगायचा स्वतःचा. आत माणसं पुष्कळ, बाहेर एकच.

हा नुसता पोरखेळ राहिला असता. पण पोर्टल पुन्हा चालू झालं आणि मागोमाग तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या साहेबांचा आदेश आला. 'सर्व तक्रारी एकाच संगणकावरून, एकाच व्यक्तीने, कंपनीच्या बदनामीच्या हेतूने केल्याचे दिसून येते. सबब निकाली.' ती एकच व्यक्ती कोण? पाटी लावणारी! शबानाचा आयडी बंद झाला आणि गुन्हा का दाखल करू नये म्हणून नोटीस आली.

ती उत्तर द्यायला गेली तेव्हा साहेबांनी विचारलं, "ते इंटरनेटवाले सलीम तुमचे कोण?"

"कोणी नाहीत."

"नातं असेल."

"आहे ना, सर. ते माझे इंटरनेटवाले आहेत. तुमचेही तेच आहेत. तुमचं काय नातं?"

साहेबांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

*

इकडे गयाबाईची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तशीच उभी. शेजारपाजाऱ्यांनी उपटली, हरभरा टाकला, तो उगवूनही आला. हिच्या शेतात नुसत्या काड्या आणि किडकी बोंडं. सखाराम म्हणे उपटून टाकू. ती म्हणे, "पऱ्हाटी उपटली का साक्षीदार मेला."

शेजारी येऊन भांडायचे. अळी तिच्या काड्यांत राहून पुढच्या साली त्यांच्या शेतात जाणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बकऱ्यावाला रोज विचारायचा, "गयाबाई, घालू काय बकऱ्या?"

"पहिले साहेब येऊन पाहून जाऊ दे. मंग तुह्या बकऱ्या."

तिच्याकडे दोन कागद होते, दोन्ही एकाच कार्यालयाचे. एकात लिहिलं होतं, पंचनामा होईपर्यंत पीक शेतातून काढू नये. दुसऱ्यात होतं, बोंडअळीचा प्रसार रोखण्यासाठी पऱ्हाटी तात्काळ उपटून नष्ट करावी. दोन्हींवर सही एकाच साहेबांची.

मी ते दोन्ही घेऊन साहेबांकडे गेलो. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, यातलं बाईनं कोणतं पाळायचं?

त्यांनी दोन्ही नीट वाचले. चष्मा काढला.

"दोन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले.

*

सलीमभाई या सगळ्यानं पहिल्यांदा गप्प झाला होता. "भाऊ, माह्या एका डब्यानं सारे गावं एका मानसात कोंबले," म्हणाला. मग एके दिवशी आनंदानं जिना उतरून आला. डब्यालाच सोंग घ्यायला शिकवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. डबा मध्येच राहणार, पण बाहेर बोलताना ज्याचं काम त्याचा पत्ता लावणार. ग्रामपंचायतीची तक्रार ग्रामपंचायतीच्या पत्त्यावरून, शबानाची शबानाच्या.

मला कळेना. तेव्हा त्यानं बैलबाजार काढला. आमच्याकडे बैलाचा सौदा होतो तेव्हा दलाल हातावर रुमाल टाकतो. रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं दाबून भाव घेतो, तशीच घेणाऱ्याची दाबतो. भोवतीच्या गर्दीला काही दिसत नाही.

"आतापर्यंत माह्या दलाल सांगे, बैल माह्याच आहे. आता तो रुमालाखाली बैलवाल्याचीच बोटं पुढं करते. स्वतः दिसतच नाही."

"म्हणजे डबा दुसऱ्याच्या नावानं बोलणार?"

"हाव."

"आणि लिनक्स ते चालवून घेतं?"

"नाही घेत न! साधा प्रोग्राम दुसऱ्याच्या पत्त्यावरून बोलाले गेला का सरळ नाही म्हनते. हा पत्ता या मशीनचा नाही, चाल निघ. त्याले खास परवानगी द्या लागते. ते फक्त मालक देऊ शकते."

"मालक कोण?"

"मीच!" सलीमभाई छातीला हात लावून म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. पण नंतर ते मला चांगलंच झोंबलं. या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या नावानं बोलणारे मी सगळे ऐकले आहेत. पुढारी, कंपन्या, समित्या, संपादक. कोणाला कधी परवानगी विचारावी लागली नाही. विचारण्याची पद्धत होती ती एका झाकण काढलेल्या डब्यात.

*

सोंग चालू झालं आणि एक आठवडा छान गेला. मग सलीमभाईनं हौसेनं दुसरी लाइन घेतली आणि सगळं बसलं.

झालं असं, की डबा ग्रामपंचायतीच्या पत्त्यावरून मुंबईला विचारायचा. मुंबई उत्तर द्यायची ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर. ते उत्तर परत डब्याकडेच यायला हवं, कारण विचारलं डब्यानं. पण आता उत्तर नव्या लाइननं डब्याला वळसा घालून थेट ग्रामपंचायतीत! तिथला कॉम्प्युटर म्हणणार, मी हे विचारलंच नाही. आणि दार लावून घेणार. डबा इकडे वाट बघतोय, गिऱ्हाईक तिकडे.

नंदूशेठ म्हणून एक कृषी केंद्रवाले आहेत, ज्या कंपनीचं बियाणं फसलं तिचेच विक्रेते. दुकानातलं इंटरनेट बंद, म्हणून ते तावातावानं आले. सलीमभाईनं पाणी दिलं, समजावलं, "शेठ, जवाब तुमच्या दुकानापर्यंत येऊन राह्यला. तुमचाच कॉम्प्युटर त्याले म्हनते, मी असा कोनता अर्जच केला नाही."

नंदूशेठचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

"काऊन बे सलीम, माह्या कॉम्प्युटर सरकारी झाला काय?"

दुसऱ्या दिवशी सलीमभाईनं सगळी उत्तरं डब्याकडे वळवली. मग शबानानं आणि मी गावोगाव जाऊन लोकांना पुन्हा तक्रारी भरायला लावल्या, आपापल्या गावातून. या वेळी पोर्टलवर प्रत्येक गाव आपापल्या पत्त्यानं उमटलं. साहेबांना सुनावणी लावणं भाग पडलं.

*

सुनावणी तालुक्याच्या कार्यालयात, वरच्या हॉलमध्ये. समोर साहेब. बाजूला कंपनीनं पाठवलेले एक तज्ज्ञ, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन. एका भिंतीला शबाना आणि सलीमभाई. दाराशी शेतकरी, त्यांच्यापुढे गयाबाई, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत बोंडं. सखाराम शेतावर थांबला होता, कारण बकऱ्यावाल्याचा भरवसा नव्हता. हरभऱ्याची वेळ निघून गेलीच होती. आज पंचनाम्याचा हुकूम नाही निघाला तर पऱ्हाटी उपटायची, एवढंच त्या नवरा-बायकोचं ठरलं होतं.

तज्ज्ञांनी आधी शेतीचा प्रश्न विचारला. "बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची छोटी पुडी असते. ती शेताच्या कडेनं लावायची असते, म्हणजे अळी त्यावर जाते. लावली होती का, बाई?"

"लावली होती न," गयाबाई म्हणाली. "पन अळीले कोनी सांगतलंच नाही, का तुह्यं जेवन कडेले वाढलं म्हनून."

दाराशी हशा झाला. साहेबांनी टेबल वाजवलं.

मग तज्ज्ञ सलीमभाईकडे वळले. डब्याची सेटिंग त्यांनी भिंतीवर दाखवली आणि एका इंग्रजी शब्दावर बाण नेऊन ठेवला. स्पूफ. "याचा अर्थ सांगा."

"सोंग," सलीमभाई म्हणाला.

"बनावट! साहेब, नोंद घ्या. पहिल्यांदा एकाच पत्त्यावरून खोट्या तक्रारी केल्या. पकडले गेल्यावर मशीनमध्ये बनावट पत्ते लावून पुन्हा केल्या. हे स्वतःच कबूल करताहेत."

साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सलीमभाई उठला. एरवीचा बोलघेवडेपणा कुठे गेला होता कोण जाणे.

"साहेब, खोटं माह्या डबा बोलते, पन स्वतःबद्दल. मी इथं नाहीच म्हनते. शेतकऱ्याबद्दल तो आता खरं बोलते. पहिले तो स्वतःबद्दल खरं बोले, तं सारे शेतकरी खोटे ठरले."

तज्ज्ञ हसले. "भाषण नको. रेकॉर्ड बघू." आणि त्यांनी मोठ्या हौसेनं पोर्टलची पहिल्या खेपेची नोंद भिंतीवर लावली. प्रत्येक ओळीत काय आलं ते, आणि पुढे कोणत्या पत्त्यावरून आलं तो नंबर. तक्रार, तक्रार, तक्रार. पुढे एकच नंबर. खाली, खाली, खाली. "बघा! एक माणूस. स्वच्छ दिसतंय."

"सर, अजून थोडं खाली घ्या ना," शबाना म्हणाली.

तज्ज्ञांनी घेतलं. तक्रारी संपल्या. पुढची ओळ, 'कंपनीचा खुलासा'. तो नंदूशेठच्या दुकानातून पाठवला होता. पुढे तोच नंबर.

तज्ज्ञांचं बोट थांबलं.

"अजून एक ओळ आहे, सर."

'तक्रारी निकाली काढल्याचा आदेश.' साहेबांच्याच टेबलावरून चढवलेला. तोच नंबर.

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घुरघुरत होता. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञ लॅपटॉपची वायर तपासू लागले.

गयाबाईनं शबानाच्या पदराला ओढलं. "काय लिहेल हाय व पोरी?"

शबानानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "काकू, या साहेबांच्या हिशेबानं एक पत्ता म्हणजे एक माणूस. म्हणजे तक्रार तुम्हीच केली, कंपनीच्या वतीनं उत्तरही तुम्हीच दिलं, आणि तक्रार फेटाळली तीही तुम्हीच."

"मीच?"

"तुम्हीच."

गयाबाई उठली. पिशवी घेऊन सावकाश टेबलापर्यंत गेली. पिशवी उलटी केली. बोंडं साहेबांच्या कागदांवर पसरली, एक फुटकं होतं, त्यातली अळी वळवळत साहेबांच्या पेनापर्यंत आली. साहेबांनी हात मागे घेतला. गयाबाईनं ते पेन उचललं, पदराला पुसलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"मंग मंजूर करनारी बी मीच. लिहा, साहेब."